विधेयकाच्या प्रत्येक कलमावर नागरिकांना ऑनलाइन मत नोंदवता यावे

प्रति,
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभा,
विधान भवन, मुंबई.

महोदय,

जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेले, म्हणून त्यावर लोकांना बोलता आले. बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या, समितीने मसुद्यात बदल केले आणि १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने ते मंजूर केले. जी विधेयके समितीकडे जात नाहीत, त्यांवर मात्र लोकांना अशी संधी मिळत नाही. ती मिळावी, यासाठी हे निवेदन.

त्या विधेयकाची मराठी प्रत आम्ही गावच्या वाचनालयात मोठ्याने वाचली. ‘बेकायदेशीर कृत्य’ या व्याख्येपाशी गाडी अडली. संघटनांवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला असावा, असे म्हणणाऱ्यांनाही ती व्याख्या फार सैल वाटली. सल्लागार मंडळाच्या तरतुदीला मात्र कोणाचीच हरकत नव्हती. अशी मते ‘पाठिंबा की विरोध’ एवढ्या एका प्रश्नात मावत नाहीत. म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, प्रत्येक विधेयकाचा मराठी मसुदा किमान ३० दिवस ऑनलाइन खुला ठेवावा आणि प्रत्येक कलमापुढे ‘मान्य’, ‘अमान्य’, ‘दुरुस्ती हवी’ असे मत कारणासह नोंदवण्याची सोय करावी. कायद्यापूर्वी लोकांशी सल्लामसलत करण्याच्या केंद्राच्या २०१४ च्या धोरणातही मसुद्यासाठी किमान ३० दिवसच सांगितले आहेत.

हे मत सभागृहावर बंधनकारक असावे, असे आम्ही म्हणत नाही. कायदा करण्याचा अधिकार निवडून दिलेल्या आमदारांचाच आहे. पण मतांचा कलमवार गोषवारा चर्चेपूर्वी पटलावर यावा, आणि बहुसंख्यांनी अमान्य केलेले कलम तसेच ठेवायचे असल्यास मंत्रिमहोदयांनी सभागृहात त्याचे कारण द्यावे. फिनलंडमध्ये २०१२ पासून ५० हजार नागरिकांच्या सह्यांचा प्रस्ताव संसदेला विचारात घ्यावाच लागतो, सह्या ऑनलाइनही चालतात. समलिंगी विवाहाचा कायदा तिथे याच वाटेने आला, तरी अंतिम निर्णय संसदेचाच राहिला.

अनेक घरांत मोबाइल एकच असतो आणि तो बहुधा पुरुषाच्या खिशात. एका क्रमांकाला एक मत धरले, तर घरातल्या बाईचे मत मोजलेच जाणार नाही. म्हणून मत मतदाराचे धरावे, मोबाइलचे नव्हे. ‘आपले सरकार’ केंद्रांवर ते विनाशुल्क नोंदवून घ्यावे. मेळघाटात कोरकूतून, गडचिरोलीत गोंडीतून मसुद्याचे ग्रामसभेत वाचन व्हावे. मत देणाऱ्याचे नाव गुप्त राहावे, नाहीतर सरकारी नोकर आणि ठेकेदाराकडचे मजूर पुढे येणारच नाहीत.

येत्या अधिवेशनातील निदान एका विधेयकावर ही पद्धत राबवावी आणि आमचे म्हणणे मांडण्यासाठी आम्हांस भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
वाचनालयाचे सभासद व ग्रामस्थ