हा बुडबुडा की पेशी?

बालमित्रांनो,

कांद्याच्या पापुद्र्याचं प्रात्यक्षिक तुमच्यापैकी आठवी-नववीतल्या मुलांना ठाऊक असेलच. पण कित्येक शाळांत सूक्ष्मदर्शक एक आणि डोकी चाळीस! रांग लावायची, एक डोळा मिटायचा, “दिसलं का?” “हो बाई, दिसलं!” की पुढचा नंबर. काय दिसलं, ते राहूनच जातं.

“त्यापेक्षा मोबाइलवर चित्रफीत पाहू,” असं तुम्ही म्हणाल. चित्रं सुरेख असतात, खरंच. पण त्यांत एक पाहुणा सहसा नसतो, तो म्हणजे हवेचा बुडबुडा. तुम्ही स्वतः काचपट्टी तयार केलीत, की हे महाशय हजर! गोल गरगरीत, जाड काळी कड. पुष्कळ मुलं त्यालाच पेशी समजून वहीत काढतात. खरी पेशी मात्र भिंतीतल्या लांबट विटेसारखी दिसते, आणि आयोडीनचा थेंब टाकला की तिच्यातलं केंद्रक गडद होतं. वरची पातळ काच सुईच्या आधाराने तिरपी, हळूहळू टेकवली, तर बुडबुडे कमी होतात. हे हाताला कळायला हातानेच करावं लागतं, बरं का!

मग मोबाइलचं काम काय? फार मोठं! त्याचा कॅमेरा नेत्रभिंगावर नीट धरून फोटो काढा आणि तो पडद्यावर मोठा करून सगळ्या वर्गाला दाखवा. आता चाळीसही जण एकच गोष्ट पाहतायत. “हा बुडबुडा!” “नाही, पेशी!” होऊ दे वाद. एकट्याने डोळा लावून हा वाद घालता येत नाही.

आणखी एक गंमत. आधी पारदर्शक पट्टीवरच्या मिलिमीटरच्या रेघांचा फोटो घ्या. मग भिंग आणि फोनचा झूम न बदलता पापुद्र्याचा फोटो घ्या. समजा, १ मिलिमीटर अंतरात लांबीच्या दिशेने ४ पेशी मावल्या, तर एक पेशी ०.२५ मिलिमीटर लांब. पेशी मोजली की तुम्ही!

फक्त फोटोआधी चित्र काढा हं. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचातल्या कप्प्यांचं चित्र छापलं, तेव्हा कॅमेरा कुठे होता? फोटोत सगळंच येतं. पेन्सिलीला मात्र नीट पाहिलेलंच काढता येतं.

पडद्याने हाताची जागा घ्यावी अशीही एक जागा आहे. बेडकाचं शरीर आतून कसं असतं, ते संगणकावर शिकता येतं. त्यासाठी त्याचा जीव घ्यायला नको. विद्यापीठ अनुदान आयोगाने तर २०१४ मध्ये महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या अभ्यासातलंही विच्छेदन बंद केलं. पण कांद्याचा पापुद्रा सोलायला कुणाची हरकत आहे? स्वयंपाकघरात विचारून एक फोड मागा, एवढंच!

पालकहो, “अभ्यासाला फोन हवा” असं मूल म्हणालं, तर जरूर द्या. नंतर मात्र त्याने काढलेलं चित्र आणि फोटो शेजारी-शेजारी ठेवून विचारा, “यातला बुडबुडा कुठला?” झटकन बोट ठेवलं, तर समजा, प्रात्यक्षिक झालं!

तुमची,
बाई