रोजगाराचे आकडे आणि सोयाबीनचा भाव

मालेगाव (जि. वाशीम) - शेअर बाजाराचा पुढील कल सांगताना विश्लेषक रोजगाराच्या आकडेवारीला मोठे महत्त्व देतात. हाताला काम असेल तर खरेदी वाढते, कंपन्यांचा नफा वाढतो आणि व्याजदराची दिशाही त्यावरून ठरते, हे त्यामागील साधे गणित. 2 ऑगस्ट 2024 रोजी अमेरिकेतील बेरोजगारीचा दर 4.3 टक्क्यांवर गेल्याचे जाहीर झाले. जपानमधील व्याजदरवाढीने आधीच अस्वस्थ असलेले बाजार हादरले आणि 5 ऑगस्टला 'सेन्सेक्स' 2,200 हून अधिक अंशांनी कोसळला. सप्टेंबर 2025 मध्ये मात्र तेथील रोजगारातील मरगळीमुळेच व्याजदर कपातीची आशा बळावली. 17 सप्टेंबरला ती कपात झालीही. बातमी एकाच प्रकारची. अर्थ मात्र अपेक्षेनुसार बदलला.

हेच मोजमाप मालेगावसारख्या तालुक्याला लावले, तर काय दिसते? केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार 2023-24 मध्ये शहरी बेरोजगारी 5.1 टक्के, तर ग्रामीण बेरोजगारी अवघी 2.5 टक्के होती. याचा अर्थ खेड्यात सुबत्ता आहे, असा नव्हे. घरच्या शेतात विनामोबदला राबणाराही या पाहणीत 'रोजगारात' गणला जातो. 2023-24 मध्ये देशातील 46 टक्के कामकरी शेतीत होते. त्यांच्यापुढील प्रश्न केवळ काम मिळण्याचा नाही, कामातून हाती किती उरते, याचा आहे.

येथे ते सोयाबीनच्या भावावर ठरते. 2021 मध्ये हा भाव क्विंटलला 10 हजार रुपयांच्या घरात गेला होता. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये असताना खुल्या बाजारात त्याहून कमी दर मिळाला. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क 20 टक्के केले. मे 2025 मध्ये ते 10 टक्क्यांवर आणले. शहरातील तेलाचा डबा स्वस्त व्हावा, हा हेतू रास्तच. परंतु त्याचा भार तेलबिया पिकविणाऱ्यावर पडतो.

त्यातच भावाचा पुढचा अंदाज देणारे साधनही काढून घेण्यात आले. 'सेबी'ने डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे व्यवहार स्थगित केले आणि ही मुदत पुढे वारंवार वाढविली. सट्टेबाजीला आळा घालणे आवश्यक असेलही. पण शेअर बाजारातील गुंतवणूकदाराला क्षणाक्षणाचा अंदाज मिळत असताना, माल घरात ठेवावा की विकावा, हे शेतकऱ्याने कशाच्या आधारे ठरवावे?

हा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा नाही. सोंगणी-मळणीची मजुरी, दिवाळीतील कापडखरेदी, दुचाकीचा हप्ता हे सारे याच भावावर अवलंबून असते. ग्रामीण मागणीवर भिस्त ठेवणाऱ्या कंपन्यांचे ताळेबंदही त्यातूनच घडतात. त्यामुळे मुंबईत बसून बाजाराचे भाकीत करणाऱ्यांनी अमेरिकेतील रोजगाराबरोबर विदर्भातील सोयाबीनचा भाव आणि शेतमजुरीचा दरही पाहावयास हवा. बेरोजगारीचा कमी आकडा हा भरल्या खिशाचा पुरावा नसतो.