इंजिन उघडण्याआधी

गाडी बिघडली की आपला पहिला प्रश्न असतो, "मिस्त्री, खर्च किती येईल?" दुसरा, "गाडी कधी मिळेल?" आणि "झालंय काय?" हा प्रश्न बहुधा बिल हातात पडल्यावर सुचतो. नव्या गाडीत हे एक वेळ खपून जातं. जुन्या जीपच्या बाबतीत मात्र याच उलट्या क्रमामुळे मालक बुडतो आणि चांगली धडधाकट जीप भंगारात जाते, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी बोलतोय ती महिंद्राची जुनी फोर बाय फोर. डिचोलीच्या खाणपट्ट्यातला माणूस असो वा पेडण्याच्या सड्यावरचा, त्याला या गाडीची वेगळी ओळख करून द्यायला नको. १९८०च्या दशकात आलेल्या 'एमएम ५४०'मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या तंत्राचं 'एक्सडीपी ४.९०' हे डिझेल इंजिन असे. सिलिंडर चार, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, म्हणून ४.९०! एकूण २११२ सीसी. या गाडीत संगणक नाही, की स्कॅनर लावायला जागा नाही. तिचं दुखणं माणसानेच ओळखायचं.

आयुर्वेदात रोग्याची परीक्षा तीन प्रकारे सांगितली आहे: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. जुन्या जीपला ती तंतोतंत लागू पडते.

आधी प्रश्न. "गाडी आवाज करते" एवढ्यावर काही कळत नाही. आवाज कधी येतो? उभ्या गाडीत रेस वाढवल्यावर वाढतो का? मग तो इंजिनाच्या बाजूचा. क्लच दाबल्यावर येतो? मग क्लचचं रिलीज बेअरिंग बघा. क्लच दाबताच थांबतो? मग संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. मोकळ्या, सपाट रस्त्यावर इंजिन चालू ठेवून क्षणभर न्यूट्रल करा. तरीही आवाज गाडीच्या वेगाबरोबर येतच राहिला, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे: प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल किंवा चाकाचं बेअरिंग. वळणावर कमीजास्त होणारी घरघर बहुधा चाकाची. ॲक्सिलरेटर सोडता-दाबताना 'ठक्' होतं, तेव्हा शाफ्टचे क्रॉस हलवून बघावेत. यातल्या एकाही तपासणीला पाना लागत नाही.

'गाडीला दम नाही' ही तक्रारही अशीच. रेस वाढते पण गाडी पुढे ओढत नाही, तर क्लच घसरतोय. त्यात इंजिनाचा काय दोष?

मग दर्शन, म्हणजे मुख्यतः धूर. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर थंड इंजिनात थोडा वेळ चालतो. इंजिन तापल्यावरही टिकला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत राहिलं, तर हेड गॅस्केटकडे बघायचं. डिचोलीतल्या खनिजाच्या लाल धुळीत एअर फिल्टर किती लवकर तुंबतो ते सांगायला नको. तुंबलेला फिल्टर काळा धूर काढतो, गाडीचा दम काढतो, आणि उताविळा माणूस म्हणतो, 'इंजिन गेलं!'

तिसरं स्पर्शन. चार मैल गाडी चालवून थांबा आणि चाकांच्या हबजवळ जपून हात न्या. तीन कोमट आणि एक चटका देणारं? मग ब्रेक धरून राहतोय किंवा बेअरिंग तापतंय. त्यामुळेही गाडी ओढत नाही, बरं का.

आपल्या पावसाचा एक खास आजार आहे. तापलेली गाडी व्हाळात घातली की डिफरन्शियलमधली हवा आकसते आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल ताकासारखं पांढुरकं होतं, बेअरिंग गंजतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी घूं घूं सुरू होते. तोवर व्हाळ विसरलेला असतो! कुळ्याहून दूधसागरला पर्यटक नेणाऱ्या जीप ओढे ओलांडूनच जातात. ज्याची गाडी अशा वाटेने जाते त्याने ब्रीदर आणि ऑइल पाहत राहावं. रात्रभर उभ्या गाडीचा ड्रेन प्लग सकाळी किंचित सैल केला, तर ऑइलच्या आधी पाणी येतं. तपासणी इतकी साधी आहे.

आणि एक. पुढची चाकं जोडून कोरड्या डांबरावर गाडी चालवली की स्टिअरिंग जड होतं, लिव्हर अडकते. हा बिघाड नव्हेच. या गाडीत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शियल नसतं, म्हणून शाफ्टना पीळ बसतो. थोडी मागे घेतली की बहुधा सुटते.

कुणी म्हणेल, आता स्कॅनरच्या जमान्यात हे कशाला? पण स्कॅनरही लक्षणच सांगतो. कारण माणसालाच शोधावं लागतं. ते न शोधता कोड दिसला की पार्ट बदलायचा, याला निदान म्हणत नाहीत. आम्हा कचेरीतल्या माणसांना हा प्रकार ओळखीचा आहे: शेरा आधी, तपासणी नंतर.

२०१२च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, पुढे मार्च २०१८ मध्ये पुन्हा. खाणीच्या जोरावर चालणाऱ्या गॅरेजचं कामही आटलं. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी नूतनीकृत होत नाही. खासगी जीप फिटनेस तपासणीनंतर पुढे चालू शकते, पण तिचा आवाज ओळखणारा मिस्त्री साठीच्या पुढे गेला आहे आणि त्याच्या हाताखाली पोरगा नाही. जीप राहील आणि कान जाईल, अशी वेळ आली आहे.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. डिचोली-पेडण्याच्या आयटीआयने अशा मिस्त्रींना महिन्यातून एकदा मानधन देऊन बोलवावं आणि मुलांना फक्त ऐकायला बसवावं. आणि मालकाने इंजिन उघडू देण्याआधी विचारावं, "कशावरून?" कॉम्प्रेशन तपासलं का? ऑइलचं झाकण काढून आतून धापा टाकतंय का, ते पाहिलं का? चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट तो हातातला पाना खाली ठेवतो आणि समजावून सांगायला लागतो.