घर आणि संसार : भिलाईत बिऱ्हाड कोठे करावे?



ठाण्याहून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. त्यांच्या यजमानांना भिलाई येथे एका खाजगी कारखान्यात नोकरी मिळाली असून शाळा सुरू होण्यापूर्वी बिऱ्हाड हलवावयाचे आहे. घरात पाचवीत जाणारा मुलगा आणि दम्याचा विकार असलेल्या सासूबाई आहेत. एका परिचिताने पोलाद कारखान्याच्या वसाहतीतील क्वार्टर स्वस्तात मिळवून देण्याचे आश्वासन दिले आहे. एक दलाल मोबाइलवर घरांची छायाचित्रे पाठवून विसार मागत आहे. दीर म्हणतात, ‘राजधानीचे शहर जवळ असता भिलाईत कशाला राहता? रायपूरला घर घ्या आणि रोज ये-जा करा.’ बाईंचा प्रश्न एवढाच आहे की, यांपैकी कोणाचे ऐकावे?

आमचे उत्तर असे की, तूर्त कोणाचेच ऐकू नये. पत्रात दोन गोष्टी लिहावयाच्या राहिल्या आहेत आणि त्या कळल्यावाचून घर ठरविता येणार नाही. पहिली गोष्ट आता सांगतो. दुसरी लेखाच्या शेवटी येईल.

त्याआधी या गावाची थोडी ओळख करून घेऊ. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई हे दुर्ग जिल्ह्यातील एक लहानसे खेडे होते. हा जिल्हा त्या वेळी जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती, हे आज पुष्कळांच्या ध्यानात नसेल. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या चार वर्षांत देशाच्या सर्व भागांतून माणसे तेथे आली : तेलुगू, मलयाळी, बंगाली, पंजाबी, ओडिया आणि आपली मराठीही. शिवाय रशियन तज्ज्ञ होतेच. ‘येथे राहावे कोठे?’ हा प्रश्न त्या प्रत्येकापुढे होता. तेव्हाच्या वस्त्यांना मिळालेले ‘कॅम्प’ हे नाव आजही टिकून आहे. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले, गाव वाढून दुर्गला भिडले. परंतु भिलाई हे मुळात परगावाहून आलेल्यांचे गाव आहे. नवख्या बिऱ्हाडाकडे तेथे कोणी परके म्हणून पाहत नाही, ही मनाला धीर देणारी गोष्ट आहे.

आता राहिलेली पहिली गोष्ट. यजमानांची नोकरी ‘भिलाईत’ आहे, एवढेच पत्रात आहे. कारखान्याचे फाटक नेमके कोठे आहे, हे नाही. मुंबई–हावडा रेल्वेमार्गाने या शहराचे दोन भाग केले आहेत. मार्गाच्या दक्षिणेस पोलाद कारखाना, त्याची सेक्टरांत विभागलेली वसाहत आणि पुढे रुआबांधा, रिसाली, मरोदा हे भाग. उत्तरेस मार्गाला समांतर जाणारा जी. ई. रोड आणि त्याच्या आधाराने वसलेली पॉवर हाऊस, कॅम्प, सुपेला, वैशाली नगर, नेहरू नगर ही वस्ती. नकाशावर समोरासमोर दिसणारी दोन ठिकाणे प्रत्यक्षात रेल्वेमार्गामुळे बरीच लांब पडतात. मार्गाखालून जाणाऱ्या रस्त्यांवर मुसळधार पावसात पाणी साचले, म्हणजे वळसा आणखी वाढतो. म्हणून पहिला नियम असा ठेवावा की, होईल तो घर आणि फाटक रेल्वेच्या एकाच बाजूस असावे.

हा नियम आम्ही पुस्तकातून घेतलेला नाही. प्रस्तुत लेखकाने एकदा अशाच एका औद्योगिक गावी भर मे महिन्यात घर पाहिले. रस्ता कोरडा, घर हवेशीर, भाडे बेताचे. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला, वाटेवरचा पूल पाण्याखाली गेला आणि रात्रपाळीहून परतणारा गृहस्थ सकाळी साडेनऊला घरी पोहोचला. घरात तान्हे मूल तापाने फणफणले होते. वाचविलेल्या भाड्याचा हिशेब त्या सकाळी आमच्या मनातून कायमचा पुसला गेला.

नोकरी कोठे आहे, त्याप्रमाणे विचार कसा बदलतो ते पाहा. जामुलच्या बाजूस काम असेल, तर पॉवर हाऊसपासून उत्तरेस जाणाऱ्या नंदिनी रोडच्या आसपास किंवा वैशाली नगर, कोहका या भागांत घर शोधावे. दुर्गच्या पलीकडे काम असेल, तर दुर्ग शहरातच पद्मनाभपूरसारख्या वस्त्या पाहाव्यात. सेक्टरांच्या सावलीचा मोह धरू नये. चरोद्याकडे नोकरी असेल, तर भिलाई-तीन सोयीचे. आय. आय. टी. ही संस्था २०१६ मध्ये स्थापन झाली आणि तिचा कुटेलाभाठा येथील कायमचा परिसर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. तेथे काम करणाऱ्यांना जुनवानी, स्मृती नगर हा भाग जवळचा. दिरांनी सुचविलेले रायपूर रेल्वेने दुर्गपासून सुमारे ३७ किलोमीटर आहे आणि दोन्ही शहरांमध्ये गाड्या पुष्कळ आहेत. ठरावीक वेळेची कचेरी असेल, तर ही ये-जा अशक्य नव्हे. पण पाळीची नोकरी असेल, तर पहाटे सहाच्या पाळीला रायपूरहून निघणारा माणूस घरी केवळ झोपण्यापुरता येईल. ठाण्याच्या माणसाला लोकलची सवय आहे हे खरे. परंतु ती सवय सोडण्याची संधी आली असता पुन्हा विकत कशाला घ्यावी?

आता परिचिताने सुचविलेल्या क्वार्टरविषयी. कारखान्याची वसाहत रमणीय आहे यात शंका नाही. रुंद रस्ते, मोठाली झाडे, हाकेच्या अंतरावर बाजार आणि शाळा, सेक्टर ९ मध्ये जवाहरलाल नेहरू रुग्णालय, मुलांसाठी १९७२ पासूनचे मैत्री बाग प्राणिसंग्रहालय. परंतु क्वार्टर हे कर्मचाऱ्याला त्याच्या सेवेसाठी दिलेले असते. ते त्याने परस्पर तिसऱ्यास भाड्याने देणे नियमाला धरून नाही. अशा घरात राहणाऱ्याजवळ ना करार असतो, ना पावती. उद्या घर खाली करावयास सांगितले, तर दाद कोणाकडे मागणार? काही घरे मात्र रीतसर दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिलेली आहेत. म्हणून ‘क्वार्टर’ हा शब्द ऐकताच नकार देऊ नये; घर कोणाच्या नावे आहे, ते पट्ट्याचे आहे काय आणि भाड्याने देण्यास मुभा आहे काय, हे कागदावर पाहावे. कागद दाखविण्यास जो टाळाटाळ करतो, त्याचे स्वस्त घर फार महाग पडते.

दलालाच्या छायाचित्रांवर विसार मुळीच पाठवू नये. छायाचित्रात भिंत दिसते, भिंतीची उष्णता दिसत नाही. छत्तीसगडचा उन्हाळा ठाण्यासारखा दमट नसतो, तो कोरडा व प्रखर असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो. विदर्भातील वाचकांस हे सांगावयास नको. कोकणपट्टीतून जाणाऱ्यांनी मात्र घर पाहताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. घर सर्वांत वरच्या मजल्यावर, उघड्या स्लॅबखाली आहे काय? असल्यास शक्यतो टाळावे. कूलर बसविण्यास योग्य खिडकी आहे काय? आणि कूलरला रोज लागणारे पाणी उन्हाळ्यात पुरते काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घरमालकाकडून न घेता शेजारणीकडून घ्यावे. नळाला पाणी किती वेळ येते, कूपनलिका मे महिन्यात आटते काय, टँकर मागवावा लागतो काय, हे तीच खरे सांगेल. विजेचे मीटर स्वतंत्र आहे की घरमालकाच्या मीटरवरून हिशेब होतो, हेही त्याच भेटीत पाहावे.

सासूबाईंच्या दम्यासाठी आणखी एक पाहणी. औद्योगिक गावी सर्वच भागांत सारखी धूळ नसते. ज्या घराचा विचार चालला असेल, त्याच्या गच्चीवर जावे, कठड्यावरून बोट फिरवावे, अंगणातील तुळशीची पाने पाहावीत, वाळत घातलेले पांढरे कपडे पाहावेत. काळसर थर दिसला, तर घर कितीही प्रशस्त असो, या कुटुंबासाठी ते नव्हे. नंतर घरापासून रुग्णालयापर्यंतचा रस्ता एकदा स्वतः जाऊन पाहावा. मोठ्या उपचाराचा प्रसंग आलाच, तर रायपूरची एम्स संस्था टाटीबंध येथे, म्हणजे रायपूरच्या भिलाईकडील बाजूसच आहे. सासूबाईंना तळमजला मिळाला तर उत्तम. संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसता आले, तर परक्या गावातही त्यांचे मन रमेल.

मुलाच्या शाळेचे मात्र घराआधी ठरवावे. शिक्षणासाठी भिलाईचे नाव आहे. शाळा पुष्कळ आहेत. पण घर ठरवून मग शाळा शोधल्यास मुलाचे दोन तास बसमध्ये जातात. तेथे व्यवहार हिंदी व छत्तीसगढीत चालतो. मुलगा महिनाभरात बोलू लागेल, काळजी नको. मराठी वाचन घरी चालू ठेवण्याचे काम मात्र आईवडिलांचे.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये नोंदवावा लागतो. यामुळेच अकरा महिन्यांच्या कराराची पद्धत पडली आहे. छत्तीसगडचा भाडे नियंत्रण कायदा २०११ चा आहे. करार लेखी करावा; भाडे, अनामत रक्कम, घर सोडण्याची पूर्वसूचना, रंगरंगोटी व दुरुस्ती कोणाकडे, हे सर्व त्यात लिहावे. भाडे व अनामत बँकेमार्फत द्यावी आणि पावती जपून ठेवावी. पोलीस ठाण्यात भाडेकरू म्हणून माहिती द्यावयाची असल्यास ती टाळू नये. तीत अपमान काही नाही.

हे सर्व पाहावयाचे कसे? आमचा सल्ला असा की, यजमानांनी प्रथम एकट्याने जाऊन पंधरा दिवस साध्या खोलीत वा लॉजमध्ये राहावे, कामाच्या वेळा समजून घ्याव्यात आणि चारपाच घरे निवडून ठेवावीत. नंतर बाईंनी जाऊन त्यांतले एक पसंत करावे. घर दुपारी दोन वाजता पाहावे म्हणजे ऊन कळते. रात्री दहाला पाहावे म्हणजे रस्ता कळतो. दोन तिकिटांचा खर्च होईल, पण वर्षभराची चूक टळेल.

येथे एक उदाहरण आठवते. आपले कवी शरच्चंद्र मुक्तिबोध यांचे थोरले बंधू, हिंदीतील थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध, अनेक गावे व अनेक नोकऱ्या करून १९५८ मध्ये नागपूर सोडून दुर्गच्या पश्चिमेस असलेल्या राजनांदगावी आले. दिग्विजय महाविद्यालयात त्यांना अध्यापकाची नोकरी मिळाली आणि त्याच परिसरात, तळ्यांच्या सान्निध्यात, राहावयास जागा मिळाली. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले; परंतु आयुष्यभराच्या धावपळीनंतर लाभलेल्या त्या थोड्या वर्षांत त्यांच्या लेखनाला बहर आला. नोकरी लहान गावची होती, पण काम व घर यांच्यात अंतर नव्हते आणि मनाला विसावा होता. घराची किंमत केवळ भाड्याच्या आकड्यात मोजता येत नाही, ती अशी.

आता पत्रातील राहिलेली दुसरी गोष्ट. चार पानांत या भगिनीने यजमानांची पाळी, मुलाची शाळा, सासूबाईंचा दमा, सर्व काही लिहिले आहे. स्वतःविषयी एकच ओळ आहे : ‘माझी शाळेतील नोकरी सोडावी लागेल, ते ठरलेच आहे.’ बाई, ते कोणी ठरविले? ज्या गावात इतक्या शाळा आणि शिकवणीवर्ग आहेत, तेथे अनुभवी शिक्षिकेला काम मिळण्याची आशा ठाण्याहून कमी नाही. पण त्यासाठी घर असे हवे की, जेथून कोणाच्या मोटारसायकलची वाट न पाहता आपणास बाहेर पडता येईल. रिक्षा दारात मिळेल, संध्याकाळी परतताना रस्त्यावर दिवे असतील. घर निवडताना यजमानांच्या फाटकाइतकेच आपल्या वाटेलाही महत्त्व आहे. यजमानांनी हा लेख वाचला, तर ही ओळ त्यांनी दोनदा वाचावी.

आणि एकटेपणाची भीती बाळगू नका. छत्तीसगडात भाद्रपदात तीजेचा सण येतो. त्या दिवसांत तिकडच्या सासुरवाशिणी आवर्जून माहेरी जातात. कामाला येणारी बाई चार दिवस सुट्टी मागेल, तेव्हा रागावू नका. तो आपल्याच हरितालिकेचा दिवस आहे. ती परतताना माहेरची ठेठरी-खुरमी घेऊन आली, तर तिच्या हातावर आपल्याकडचा मोदक ठेवा. परक्या गावात बिऱ्हाड रुजते, ते अशाच देवघेवीने.

यजमानांचे फाटक कोठे आहे आणि आपण स्वतः काय करू इच्छिता, ही दोन उत्तरे मिळाली की घर आपोआप नजरेसमोर येईल. नव्या बिऱ्हाडास आमच्या शुभेच्छा.