मंगळावरचा बटाटा आणि पठारावरचा



पाऊस लांबलाय. बेणं घरात येऊन पडलंय, सऱ्या पाडून तयार आहेत, आणि आभाळाकडं बघण्यापलीकडं हाताला काम नाही. आमचा भाचा कृषी पदवीला आहे, तो सुट्टीत आला होता. त्यानं टीव्हीला काय काय जोडून दिलं आणि म्हणाला, "मामा, तुम्ही बटाटेवाले, तुम्हाला दोन इंग्रजी पिक्चर दाखवतो, हिंदीत बोलतात." म्हणून आठवड्यात दोन पिक्चर बघून झाले. आज पिकाबद्दल कमी आणि पिक्चरबद्दल जास्त लिहितोय. कंटाळा आला तर सोडून द्या, पण करप्याचा विषय शेवटी येणार आहे.

पहिला 'द मार्शियन', २०१५ सालचा. मंगळावर सहा जण गेलेले असतात. वादळ येतं, पाच जण निघून जातात आणि एक मेला असं समजून मागं राहतो. तो निघतो वनस्पतीशास्त्रज्ञ. खायला मोजकंच. सणाला खायचे म्हणून हवाबंद पिशवीत कच्चे बटाटे दिलेले असतात, ते फोडी करून लावतो. माती मंगळाची, खत सगळ्यांच्या संडासाचं, आणि पाणी रॉकेटच्या इंधनातून हायड्रोजन काढून जाळून तयार केलेलं. पहिल्या खेपेला स्फोट होऊन उडून पडतो.

आता खतावर मी हसलो नाही. सोनखत म्हणजे काय ते आमच्या आधीच्या पिढीला सांगायची गरज नव्हती. फोडीसुद्धा बरोबर केल्या. पण हवाबंद पिशवीतला बटाटा? आमच्याकडं प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलेला बटाटा वारा लागला नाही की आतून काळा पडतो, मग पाणी सोडतो. आणि पुढं तर लयच झालं. निघालेला बटाटा लगेच पुन्हा लावायचा म्हणे. अरे बाबा, नुकत्या काढलेल्या बटाट्याला सुप्तावस्था असते. दोन-अडीच महिने तो मोडच सोडत नाही. आपण खरीपाला बेणं पंजाबातून शीतगृहातलं आणतो ते उगाच का? मी टीव्हीपुढं हे मोठ्यानं बोलत होतो आणि घरची मंडळी म्हणत होती, "अहो, बघू द्या की."

भाच्यानं आणखी भर घातली. मंगळावर हवा इतकी विरळ आहे की पृथ्वीच्या हवेच्या एक टक्काही दाब भरत नाही, त्यामुळं तिथलं वादळ रॉकेट कलंडून टाकूच शकत नाही. ज्यानं मूळ कादंबरी लिहिली त्या अँडी विअरनं स्वतः हे कबूल केलंय. तिथल्या मातीत परक्लोरेट नावाचं विषारी क्षारही आहे, ते २००८ सालीच नासाच्या यानाला सापडलं होतं. म्हणजे ज्या वादळावर सगळा पिक्चर उभा तेच खोटं.

पण गंमत सांगतो. ते वादळ मी एका शब्दानं न बोलता मान्य केलं. रॉकेट मान्य केलं, मंगळ मान्य केला. अडलो तो बटाट्याच्या मोडाला. आणि तिथंही किती वेळ अडलो? पुढं एके दिवशी त्याच्या त्या घराचा दरवाजाचा भाग फुटतो, आतली हवा बाहेर, बाहेरची थंडी आत, आणि एका झटक्यात सगळं पीक गोठून जातं. तो माणूस त्या मेलेल्या पाल्याकडं बघत उभा राहतो. त्या वेळी मोड, सुप्तावस्था, परक्लोरेट सगळं विसरलो. ते उभं राहणं मला माहीत आहे.

दुसरा 'इंटरस्टेलर', २०१४ चा. पृथ्वीवर करपा आलाय. गहू आधीच गेलाय, शेजारचा शेतकरी भेंडीचं शेवटचं पीक जाळतोय, जगात आता मकाच राहिलीय. एकच करपा गव्हालाही आणि भेंडीलाही? आमच्या भेंडीला तर केवडा पुरतो. बटाट्याचा उशिरा येणारा करपा टोमॅटोवर जातो, एका कुळातले म्हणून. पण गवताच्या कुळातून कापसाच्या कुळात उडी मारणारा रोग मी अजून बघितला नाही. तेही सोडून दिलं. न सुटणारी गोष्ट वेगळीच. हिरो शेतकरी असून आपल्या हवाई दलाचं एक भरकटलेलं ड्रोन दिसल्यावर त्याच्यामागं उभ्या मक्यात गाडी घालतो. कणसाला आलेल्या मक्यात! पोरं सोबत, आरडाओरडा, मजा चाललीय. पोरांनी पतंगापायी उसात पाय घातला तरी आमचे वडील कासरा घेऊन मागं लागायचे. हा माणूस शेतकरी नाही, हे मी तिथंच सांगून टाकलं.

त्यावर भाचा हसला. म्हणाला, "मामा, मका खरी होती. दिग्दर्शकानं कॅनडात पाचशे एकर मका मुद्दाम पेरून घेतली होती, आणि पिक्चर झाल्यावर ती विकून फायदाही झाला." म्हणजे बघा, आख्ख्या पिक्चरमध्ये जे सगळ्यात खरं होतं ते मला खोटं वाटलं. आणि मक्याला फायदा, तोही पिक्चरवाल्याला!

त्या पिक्चरमध्ये सुरुवातीला काही म्हातारी माणसं धुळीच्या वादळाच्या आठवणी सांगतात. ताटं पालथी घालून ठेवायची, नाहीतर धूळ बसायची. मला वाटलं नटच असतील. त्यातली एक सोडली तर बाकीची खरी माणसं. अमेरिकेत १९३० च्या दशकात कुरणं नांगरून गहू केला, पुढं दुष्काळ पडला, गवताच्या मुळ्या माती धरून ठेवायला राहिल्या नाहीत आणि जमीन उडून गेली, ते भोगलेली. त्यांच्यावर २०१२ साली माहितीपट निघाला होता, त्यातली ती बोलणी. आपल्यातल्या मातीवर काम करणाऱ्या मंडळींनी तेवढी पहिली दहा मिनिटं तरी बघावीत.

आता खोटं मान्य करायचं म्हणजे काय, हे आम्हाला इंग्रजी पिक्चरनं शिकवायची गरज नाही. नारायणगाव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. चैत्राच्या आधीपासून तिथं फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला जातात. तमाशात गवळणी मंचावर एक चक्कर मारतात, की झाला मथुरेचा बाजार. मावशी म्हणजे मिशी काढलेला बाप्या, हे शेंबड्या पोराला माहीत असतं. तरी कुणी उठून म्हणत नाही की ही बाई नाही. म्हणायचं नसतं. आपण पैसे टाकून बसलोय आणि समोरच्यानं ढोलकी वाजवून सांगितलंय की आता खोटं सुरू होतंय.

'मदर इंडिया' मी जत्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये बघितला. १९५७ चा पिक्चर, आमच्या गावात पोचायला वीसेक वर्षं गेली असतील. नर्गिस स्वतः नांगर ओढते तिथं आई पदर डोळ्याला लावून बसली होती, मी मांडीवर. सावकार पाचशे रुपयांच्या कर्जावर पिकाचे तीन हिस्से उचलतो, तिथं मागून कुणीतरी पडद्यातल्या सुखीलालाला अशी शिवी दिली की सगळा तंबू हसला. त्या पिक्चरमध्येही गाणी आहेत, चिखलात राबणाऱ्या बायांचे चेहरे तुळतुळीत आहेत. पण हिशोब खरा होता. हिशोब खरा असला की बाकी सगळं माफ.

'लगान'चं उलटं. २००१ साली मॅचला सगळ्यांबरोबर मीही ओरडलो. शेवटी मॅच जिंकतात, तीन वर्षांचा शेतसारा माफ होतो आणि धो धो पाऊस येतो. पिक्चर संपला. माझा पिक्चर तिथून चालू होतो. दोन वर्षांचा दुष्काळ काढलेल्या गावात बियाणं राहिलं होतं का? बैलांच्या अंगात नांगर ओढायची ताकद होती का? पहिला पाऊस एवढा जोराचा, वापसा कधी येणार? पाऊस आला म्हणजे शेतकरी सुटला, असं शहरातल्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलंय, त्यात अशा शेवटांचा हात आहे असं माझं मत आहे. आम्ही बटाटेवाले पाऊस आला की घाबरायला लागतो.

इथपर्यंत मी जेवताना मोठा समीक्षक होऊन बोलत होतो. तेव्हा घरची मंडळी म्हणाली, "मंगळावरच्या बटाट्याला नावं ठेवताय, पण त्यानं निदान स्वतःचं पोट तरी भरलं. आपण त्या साली काय केलं ते सांगा की भाच्याला."

सांगितलं. इथंही सांगतो, आतापर्यंत लिहिलं नव्हतं.

तीन सालांमागं लावण झाल्यावर मोबाईलवर एक व्हिडिओ आला. फेटा बांधलेला माणूस, कमरेएवढा हिरवागार बटाटा, हातात एक बाटली. पंधरा मिलि पंपाला, दोन फवारण्या, करपा फिरकतच नाही, मॅन्कोझेबची गरज नाही, एकरी तीनशे कट्टे. खाली शंभर लोकांनी हात जोडलेले. मी चार बाटल्या मागवल्या आणि दरसालची भर लावल्यानंतरची मॅन्कोझेबची फवारणी सोडून दिली. तीस वर्षं बटाटा करणारा माणूस मी. करपा दिसायच्या आधी औषध पानावर पाहिजे, दिसल्यावर पळापळ करून भागत नाही, हे मी दुसऱ्यांना सांगत आलोय.

मग पाच दिवस धुकं बसलं. थंडी, झिमझिम, ऊन म्हणून नाही. सहाव्या दिवशी सकाळी खालच्या पानाखाली पांढरी बुरशी दिसली. सायमोक्झॅनिल-मॅन्कोझेब आणायला मंचरला गेलो, येईपर्यंत पाऊस, दुसऱ्या दिवशी पंप चालवता आला नाही. चार दिवसांत दीड एकर उकडलेल्या भाजीसारखं झालं, तो वास बांधापर्यंत यायचा. चांगल्या साली या तुकड्यात दीडशेच्या वर कट्टे निघतात. त्या साली गोलटी धरून अडतीस निघाले. बेणंच चोवीस कट्टे घातलं होतं. सोसायटीचं कर्ज नवंजुनं केलं आणि भाच्याच्या बहिणीच्या लग्नाला जेवढं द्यायचं ठरलं होतं, तेवढं देता आलं नाही. ते अजून मनात आहे.

भाच्यानं तो व्हिडिओ मागितला. माझ्याकडं होता, काढून टाकावासा वाटला नव्हता. त्यानं दहाव्या सेकंदाला थांबवला आणि म्हणाला, "मामा, मागं बघा." मागं तुषार सिंचनाचे पाईप उभे. माती कोरडी, आभाळ निळंशार. पठारावर खरीपात तुषार कोण लावतो? तो रब्बीचा प्लॉट होता, कुठल्यातरी कोरड्या मुलखातला. करपा तिथं तसाही येणार नव्हता. मक्यात गाडी घातलेली मला एका क्षणात खटकली, आणि हे पाईप मी निदान वीस वेळा बघून मला दिसले नाहीत.

का दिसले नाहीत यावर आठवडाभर डोकं चालवतोय. 'इंटरस्टेलर'मध्ये पुढं मान नावाचा एक शास्त्रज्ञ येतो. मंगळावर अडकलेला आणि हा, दोन्ही नट एकच, मॅट डेमन. तो एका बर्फाळ, नापीक ग्रहावर एकटा पडलेला असतो आणि आपल्याला कुणी न्यायला यावं म्हणून 'इथली जमीन चांगली आहे' अशी खोटी माहिती पाठवत राहतो. माणसं येतात, त्यातली मरतात. पिक्चरमधल्या एवढ्या हुशार लोकांनीही ती आकडेवारी मानली, कारण त्यांना जमीन पाहिजेच होती. मागच्या साली बाजार पडलेला, त्या साली मलाही तीनशे कट्टे पाहिजेच होते. इथं ढोलकी कुणी वाजवली नाही, एवढाच फरक.

कृषीवाले मित्र हे वाचतात म्हणून एक मागणं. तुम्ही शिवारफेरीला नेता तो प्लॉट रस्त्याकडेचा, पाण्याजवळचा, दर आठवड्याला साहेब येणारा असतो. खोटा नसतो, पण निवडलेला असतो. एखादी शिवारफेरी फसलेल्या प्लॉटवर ठेवा. माझं दीड एकर त्या साली मी आनंदानं दिलं असतं. पेरूतल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रानं २०१६-१७ मध्ये नासाबरोबर खारट वाळवंटी मातीत, मंगळासारख्या हवेत बटाटा लावून बघितला, मोड आल्याचं चित्रीकरण जगाला दाखवलं. तसाच बंद पेटीत कॅमेरा लावून एकदा पठारावरचं पाच दिवसांचं धुकं दाखवा, बिनफवारणीचा आणि फवारणीचा पाला शेजारी-शेजारी. तो पिक्चर आमची पोरं नक्की बघतील.

भाचा काल परत गेला. जाताना 'गाभ्रीचा पाऊस' लावून गेलाय, विदर्भातला आहे, कोरडवाहू कापसाचा. दुबार पेरणीचं आहे म्हणे, त्यामुळं पाऊस पडेपर्यंत बघायचा नाही असं मंडळींनी सांगून ठेवलंय. आज दुपारपासून वारा फिरलाय, पश्चिमेला काळं दिसतंय. बेणं पसरून ठेवलंय, सडका बटाटा निवडायला बसतोय. मॅन्कोझेब परवाच आणून माळ्यावर ठेवलं.