द्वादशीचें पारणें

आमच्या बार्शीला एकादशीपेक्षां द्वादशीचें अप्रूप अधिक. पंढरपुरीं एकादशी करून पुष्कळ वारकरी दुसऱ्या दिवशीं येथें भगवंताच्या दर्शनास येतात व मग उपास सोडतात. अशा गांवांत मी सून म्हणून आलें आणि सासूबाईंच्या मागोमाग एकादशी धरिली. चौतीस वर्षें ती अखंड चालली. पुढें मधुमेहानें ती मोडली.

मोडली म्हणण्यापेक्षां मीं ती चोरून चालविली, असें म्हणणें खरें. इन्शुलिन सुरू करतांना डॉक्टरांनीं निक्षून बजाविलें होतें कीं, सुई टोचून घेऊन उपाशी राहावयाचें नाहीं. तरीहि एका कार्तिकी एकादशीस मीं सुई घेतली आणि सुनेनें वाढून दिलेलें ताट तसेंच झांकून ठेविलें. दुपारीं देवघरांत हातपाय कांपूं लागले, घाम सुटला, एका समईच्या दोन समया दिसूं लागल्या. सुनेनें वेळीच साखरेचें पाणी पाजलें म्हणून निभावलें. रक्तांतील साखर अशी एकाएकीं उतरली तर माणूस बेशुद्ध होतो, प्रसंगीं प्राणासहि मुकतो, हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. त्या रात्रीं मुलगा रागावला नाहीं. नुसता उशाशीं बसून राहिला. त्याचें तें न बोलणें मला फार लागलें.

मग फराळाचे जिन्नस खाऊन व्रत राखूं पाहिलें. पण साबुदाणा काय किंवा बटाटा काय, दोन्ही पिष्टमय. साखर भरभर चढे. तोहि मार्ग खुंटला. खरें दुःख भुकेचें नव्हतेंच. सर्वांनीं फराळाला बसावें आणि माझें भाकरीभाजीचें ताट तेवढें निराळें स्वयंपाकघरांत मांडावें, यांत देवानें आपल्याला पंक्तींतून उठविलें असें वाटे. बरें होणारें दुखणें असेल तर नवस बोलतां येतो. जन्माच्या दुखण्यासाठीं देवापाशीं मागावें तरी काय?

उत्तर गांवांतच होतें. आमच्या भगवंताची कथा अंबरीष राजाची. भागवताच्या नवव्या स्कंधांत ती आहे. द्वादशी संपत आलेली आणि अतिथी म्हणून आलेले दुर्वास अजून नदीवरच. त्यांच्याआधीं जेवावें तर अतिथीचा अवमान, न जेवावें तर व्रतांत उणें. राजानें जाणत्यांना विचारून केवळ पाणी घेतलें; कारण पाणी घेणें हें जेवणेंहि आहे आणि न जेवणेंहि. इतकी कथा सर्वांना ठाऊक असते. पुढचा भाग मात्र इतकीं वर्षें माझ्या कानांवरून गेला होता. सुदर्शनाच्या भयानें पळालेले दुर्वास परत आले तेव्हां वर्ष उलटलें होतें. तोंवर राजा पाण्यावर राहून त्यांची वाट पाहत होता, आणि ते येतांच त्यानें आधीं त्यांना जेवूं घातलें. त्याचा तो वर्षाचा उपास माझ्या कामाचा नव्हे. न रुसतां वाट पाहणें मात्र माझ्या कामाचें आहे.

लोकमान्य टिळकांनाहि मधुमेह होता. १९१०-११ च्या हिवाळ्यांत मंडालेच्या तुरुंगांत त्यांनीं 'गीतारहस्य' लिहिलें. इन्शुलिनचा शोध टोरांटोस लागला तो १९२१ सालीं. लोकमान्य त्यापूर्वींच, ऑगस्ट १९२० मध्यें, निवर्तले. म्हणजे पथ्य हाच काय तो आधार असलेल्या दिवसांत एवढें काम उभें राहिलें. माझें औषध तर घरांतच आहे.

आतां एकादशीस मी वेळेवर सुई घेतें, वेळेवर भाकरी खातें आणि सर्वांचा फराळ स्वतःच्या हातानें करतें. बोटाला टोचून साखर पाहतांना नाम घेतें. दुखण्याला मी देवाचा प्रसाद म्हणत नाहीं. तें दुखणेंच आहे, आणि कांहीं दिवशीं त्याचा भारी कंटाळा येतो. पण देवानें मला पंक्तींतून उठविलें, असें आतां वाटत नाहीं.

हें समजण्यास कथेइतकीच सून कारण झाली. त्या प्रसंगानंतरच्या एकादशीस तिनें माझें भाकरीचें ताट फराळाच्या पंक्तींत, सर्वांच्या मध्यें मांडलें आणि म्हणाली, "आई, तुमच्यावांचून सुरुवात कशी करावयाची?" ज्या घरांत असें जन्माचें दुखणेकरी माणूस असेल, तेथील मंडळींस माझें इतकेंच सांगणें: पथ्य वेगळें असूं द्या, पाट वेगळा मांडूं नका.