राष्ट्रपती हुशार हवा की हट्टी?

राष्ट्रपतीपदासाठी नावांची चर्चा सुरू झाली, की आमच्या राजापेठेत एक वाक्य हमखास कानावर येतं : "कोणी शिकलेला सायेब द्या बॉ, राजकारणी नको." हा 'सायेब' म्हणजे तज्ज्ञ माणूस. कोणत्याच टोकाला न जाणारा, फायली वाचणारा, आकडे तोंडपाठ असणारा. त्याच्यासमोर "सरकारनं लोकांच्या व्यवहारात हात घालू नये" असं म्हणणारा कोणी उभा राहिला, तर तो मात्र एककल्ली! ही निवड मला साफ चुकीची वाटते. निदान या एका पदासाठी तरी.

ही निवड १९६९ साली खरोखरच समोर आली होती. डॉ. झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर राष्ट्रपतीपदाची निवडणूक लागली. व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्या लढतीत तिसरं नाव होतं आपल्या चिंतामणराव देशमुखांचं. आयसीएस अधिकारी, नोकरीची सुरुवात याच मध्यप्रांत-वऱ्हाडात, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री. तज्ज्ञ म्हणून याहून चांगलं नाव शोधून सापडणार नाही. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ साली मंत्रिपद सोडलं, हेही विसरू नये.

पण त्यांना उभं कोणी केलं? जनसंघ आणि स्वतंत्र पक्षानं. स्वतंत्र पक्ष कशातून जन्मला? आपल्या नागपुरात जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसनं सहकारी शेतीचा ठराव केला, त्याच्या विरोधातून. परवाने-नियंत्रणांच्या राज्यावर तुटून पडणारा हा पक्ष. आणि देशमुखांच्या अर्थमंत्रीपदाच्या काळात काय झालं होतं? १९५५ साली इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, १९५६ च्या जानेवारीत आयुर्विमा सरकारनं ताब्यात घेतला. मिनू मसानींसारखी माणसं घरात असताना स्वतंत्र पक्षानं राष्ट्रीयीकरण राबवणाऱ्या माणसाला पुढं केलं! माणूस स्वच्छ आहे, विद्वान आहे, एवढ्यावर भागलं. देशमुखांना सुमारे १ लाख १३ हजार मतमूल्य मिळालं आणि ते तिसरे राहिले.

हरले याचं दुःख नाही. पक्षाला स्वतःचा प्रश्नच विचारता आला नाही, याचं आहे. कारण त्याच महिनाभरात तो प्रश्न दारात उभा होता. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. संसदेचं अधिवेशन दोन दिवसांवर आलेलं. सही केली हंगामी राष्ट्रपती गिरींनी, आणि दुसऱ्या दिवशी निवडणूक लढवण्यासाठी पद सोडलं. दोन दिवस थांबा, संसदेत आणा, एवढं म्हणणारा कोणी त्या खुर्चीत नव्हता. ते म्हटलं रुस्तम कावसजी कूपर यांनी, कोर्टात जाऊन. कूपर स्वतंत्र पक्षाचेच. फेब्रुवारी १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला. सरकारनं चारच दिवसांत नवा वटहुकूम काढला, ही गोष्ट वेगळी.

आता मुद्दा असा. राष्ट्रपती अर्थसंकल्प मांडत नाही, योजना आखत नाही. त्याच्या हातात मुख्यतः दोनच गोष्टी : सही करणं, किंवा "पुन्हा विचार करा" म्हणून एकदा कागद परत पाठवणं. मग तिथं कौशल्य कशाचं लागतं? नाही म्हणण्याचं. आणि तज्ज्ञ माणसाला आयुष्यभर सवय असते काम पुढं सरकवण्याची. डॉ. कलामांइतका निर्मळ माणूस विरळा; त्यांनी २००६ साली लाभाच्या पदांचं विधेयक परत पाठवलंही. पण मे २००५ मध्ये बिहार विधानसभा बरखास्तीवर त्यांनी मॉस्कोतून सही केली, आणि ती बरखास्ती पुढं घटनाबाह्य ठरली. याउलट के. आर. नारायणन यांनी १९९७ साली उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस परत पाठवली आणि मंत्रिमंडळानं ती सोडून दिली. नारायणन काही बाजारवादी नव्हते. पण मला हवी ती सवय हीच.

वऱ्हाडातल्या माणसाला तर हे समजावून सांगायची गरज पडू नये. १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी आपण भोगली. कागदावर योजना काय सुंदर होती! व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सोडवायचा. पण बाहेर भाव चढला की स्वतःचाच कापूस राज्याबाहेर नेणारा शेतकरी गुन्हेगार. शरद जोशी हेच ओरडून सांगत होते. २००८ च्या कर्जमाफीत पाच एकरांची रेघ दिल्लीत मारली गेली. आपल्याकडच्या कोरडवाहू आठ एकरवाल्याची अवस्था त्या रेघेला कशी कळणार? ही माणसं दुष्ट नव्हती. हुशार होती. फक्त त्यांना थांबवणारं कोणी नव्हतं.

"मग गरिबाचं काय? सरकारनं हात काढून घेतला तर तो मरेल," असं कोणी म्हणेल. आक्षेप खरा आहे. अर्थमंत्री निवडायचा असता तर मीही दहादा विचार केला असता. दुष्काळात नुसतं स्वातंत्र्य खाता येत नाही. पण राष्ट्रपती रेशन बंद करू शकत नाही. म्हणजे स्वातंत्र्यवाद्याचा जो धोका, तो या खुर्चीत सर्वांत कमी; आणि त्याचा जो गुण, तो इथंच सर्वांत उपयोगी.

मात्र जिथं राष्ट्राध्यक्षच राज्य चालवतो, तिथं हिशोब बदलतो. अर्जेंटिनात हावियेर मिलेई स्वातंत्र्याच्या घोषणा देत डिसेंबर २०२३ मध्ये अध्यक्ष झाले आणि त्याच महिन्यात तीनशेहून अधिक कलमांचा एकच हुकूम काढून मोकळे झाले. सरकारचा हात आखडायचा म्हणून स्वतःचा हात एवढा लांब करायचा? अशाला मी स्वातंत्र्यवादी म्हणणार नाही. खरी परीक्षा एकच : स्वतःच्या खुर्चीची ताकद तो कमी करतो की वाढवतो?

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "सायेब द्या" म्हणालं, तर एवढंच विचारा : भाऊ, या सायबानं आजवर कोणत्या कागदावर सही करायला नकार दिला? उत्तर आलं तर खुशाल द्या सायेब. नाही आलं, तर तो एककल्ली माणूसच बरा.